पोलीस ठाण्यात ‘वरून फोन’ आला असेल तर फिर्याद कशी नोंदवायची

मी ३१ वर्षं महाराष्ट्र पोलिसांत होते. शिपाई म्हणून भरती झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली निम्मी वर्षं तरी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे गेली. ठाण्यात शिरल्यावर समोर जो माणूस डायरी घेऊन बसलेला दिसतो ना, तेच माझं काम.

२०११ च्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमाराला एक बाई आली. डावा हात पदरात धरलेला. जागेच्या वादातून पुतण्यांनी मारलं होतं. मी डायरी पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एका लोकप्रतिनिधीचे स्वीय सहायक होते. “ताई, घरातलं भांडण आहे, सकाळी बसवून मिटवतो. साहेबांशी बोलणं झालंय.” मी आत जाऊन साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “सकाळी बघू.” मी बाहेर येऊन टोपण परत लावलं आणि बाईंना म्हटलं, “उद्या या.” त्या परत कधीच आल्या नाहीत. त्यांचा जबाब घेणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. हे मी कुणावर ढकलत नाही. निवृत्तीनंतर गावातले, ओळखीतले लोक विचारायला येतात, तेव्हा त्यांना जे सांगते ते सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं, त्याचं कारण त्या बाई आहेत.

राजकीय दबाव कागदावर येत नाही. “गुन्हा नोंदवू नका” असं पत्र ३१ वर्षांत माझ्या हातात एकदाही पडलं नाही. येतो तो फोन, किंवा बाहेर उभ्या गाडीतला कार्यकर्ता. म्हणून तुमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर हवं, ती म्हणजे नोंद. ठाण्यात गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत तुमच्या येण्याची, बोलण्याची, नकाराची कुठे ना कुठे लेखी खूण राहिली पाहिजे.

नोंद काय करू शकते ते खामगावच्या प्रकरणात दिसलं. २००६ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात एका शेतकऱ्याने सावकारीविरुद्ध तक्रार दिली. सावकार आमदाराच्या घरातला. या आमदाराच्या कुटुंबावर थेट गुन्हा नोंदवायचा नाही, आधी जिल्हा समिती आणि सरकारी वकिलाचं मत घ्यायचं, अशी तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्याकडून सूचना आली, आणि ठाण्यात कुणीतरी ती स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, लिहून ठेवली. त्या नोंदीवरून प्रकरण नागपूर खंडपीठात उभं राहिलं. उच्च न्यायालयाने सरकारवर २५ हजार रुपये दाव्याचा खर्च लावला. सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर १४ डिसेंबर २०१० ला तिथे ती रक्कम १० लाख झाली. माझी गोष्ट घडली त्याच्या जेमतेम सहा महिने आधी हा निकाल आला होता. तो मी पेपरात वाचलाही होता. डायरी लिहिणारा तो अंमलदार मला माहीत नाही, पण त्याच्या दोन-चार ओळींनी जे झालं ते कुठल्याही मोर्चाने झालं नसतं.

ठाण्यात जाण्याआधी

मारहाण झाली असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा. पुष्कळ लोक उलटं करतात. ठाण्यात तीन तास बसतात, सूज वाढते आणि शेवटी खासगी डॉक्टरकडून पट्टी बांधून घरी जातात. ग्रामीण रुग्णालयात “मारहाण झालीय, एमएलसी करा” असं स्पष्ट सांगायचं. एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्याने केलेली जखमांची नोंद. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, नसली तरी डॉक्टर तपासतात, जखमांची नोंद करतात आणि ठाण्याला कळवतात. ही नोंद ठाण्याच्या बाहेर, वेगळ्या खात्यात होते. तिच्यावर कुणाचा फोन सहसा पोचत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातला एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. वाळूचा ट्रॅक्टर शेतातून नेऊ दिला नाही म्हणून त्याला रॉडने मारलं होतं. ट्रॅक्टरवाला एका पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी. पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद घेऊन आला होता. ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होती: ‘शिवीगाळ व हाताने किरकोळ मारहाण’. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजून टणक झालेला. मी त्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. एक्स-रेमध्ये मनगटाच्या वरचं हाड सरळ तुटलेलं दिसलं. इथेच सगळा फरक पडतो. साधी दुखापत अदखलपात्र, तिची फक्त एनसी होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११७, दखलपात्र, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. फोन आला की ठाण्यात नेमकं हेच होतं. तक्रार नाकारत नाहीत, पातळ करून लिहितात. रॉडचा हात होतो, फ्रॅक्चरची सूज होते, पाचजणांचा एक होतो.

अर्ज घरूनच लिहून न्या. तारीख, वेळ, ठिकाण, कोणी काय केलं, कशाने मारलं, कुठे लागलं, बघणारे कोण. आपल्या बोलीत लिहिलं तरी चालतं. “माझ्यावर अन्याय झाला, न्याय मिळावा” या ओळींनी पान भरू नका, त्यातून कुठलंच कलम लागत नाही. आमदाराचं, पक्षाचं नाव घालायचा मोह आवरा. आरोपी ज्या पक्षाचा आहे तो पक्ष गुन्ह्याचा भाग नाही, आणि ते वाचून तपास अधिकारी पहिल्याच ओळीला सावध होतो. विषयात ‘विनंती अर्ज’ किंवा ‘निवेदन’ लिहू नका. ‘दखलपात्र गुन्हा नोंदवण्यासाठी फिर्याद’ असं लिहा. शब्दाचा फरक पडतो: निवेदन फाइलला लागतं.

टेबलासमोर

ठाणे अंमलदाराला नमस्कार करून बसा आणि सांगा, “फिर्याद द्यायची आहे.” हद्दीचा प्रश्न काढला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची, हे त्यांचं काम. तोंडी सांगितलं तरी त्यांनी लिहून घ्यायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं, मग सही. ई-मेलनेही माहिती देता येते, फक्त ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

सही करण्याआधी जबाब शब्दन् शब्द वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस बरोबर न्या. हे मी हात जोडून सांगते. ‘रॉड’ लिहिलंय का, नावं सगळी आलीत का, वेळ बरोबर आहे का, एवढं बघा. चुकीचं असेल तर सही थांबवा.

“अर्ज ठेवून जा, चौकशी करतो,” हे वाक्य ऐकलंत की ओळखा. याला आम्ही अर्ज चौकशी म्हणतो. त्याला आवक क्रमांक पडतो, तो बीट अंमलदाराकडे, म्हणजे त्या भागाच्या पोलिसाकडे, जातो आणि तिथे महिनोन् महिने राहतो. १२ नोव्हेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, आणि अशी प्रत्येक माहिती स्टेशन डायरीत आली पाहिजे. आता नागरिक सुरक्षा संहितेत ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीला वाव आहे, पण उपअधीक्षकांची परवानगी हवी आणि ती १४ दिवसांत संपली पाहिजे. म्हणून विचारा, शांतपणे, दोनच प्रश्न: “प्राथमिक चौकशीला परवानगी कुणाची आहे? आणि डायरीत नोंद किती नंबरला घेतली?” अंमलदाराला हा दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मला ३१ वर्षांत दहाजणांनी विचारला असेल. विचारला की हात आपोआप डायरीकडे जायचा.

काहीच झालं नाही तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय उठू नका. तेही देत नसतील तर बाहेर येऊन ११२ लावा आणि सांगा, “अमुक ठाण्यात आहे, फिर्याद घेत नाहीत.” तो कॉल जिल्ह्याच्या यंत्रणेत नोंदला जातो, मग ठाण्याला उत्तर द्यावं लागतं.

लैंगिक गुन्ह्यांत स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. अशी फिर्याद न घेणाऱ्या पोलिसालाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी आहे. हे ज्या ठाण्यात माहीत नाही असं दाखवतील, तिथे कलमाचा आकडा मोठ्याने वाचा.

बाकी आवाज चढवू नका. तुम्ही बरोबर असाल, तुमचा हात तुटलेला असेल, तरीही नको. टेबलावर हात आपटला की सरकारी कामात अडथळ्याचं कलम, न्याय संहितेचं १३२, तयारच असतं आणि मग तुमची फिर्याद बाजूला राहून तुम्हीच आरोपी होता. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून शासकीय गुपितांचा कायदा लावायची धमकी देतात. पोलीस ठाणं त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी माझा सल्ला असा की कॅमेरा कुणाच्या तोंडावर धरू नका. ठाण्यात त्यांचे कॅमेरे आहेत, त्यांचाच उपयोग करा.

आपल्याही बाजूने फोन नको

हा भाग लोकांना आवडत नाही, पण मला तो सगळ्यांत जास्त बोलावासा वाटतो. वाळूवाल्या प्रकरणात त्या पोराचे काका म्हणाले, “आपणही विरोधी पक्षाच्या साहेबांचा फोन लावू, मग बघू.” मी त्यांना थांबवलं. तुमच्या फोनने गुन्हा नोंदला, तर उद्या त्यांच्या फोनने तो कमकुवत होतो. मधे बसलेला निरीक्षक एवढंच शिकतो की ज्याचा फोन मोठा त्याचं काम करायचं. शिवाय तुमच्या साहेबांना पुढच्या निवडणुकीला तुमचं पूर्ण गाव हवं असतं. फिर्याद तुमच्या नावाने, तुमच्या हक्काने नोंदली गेली तरच ती शेवटपर्यंत तुमची राहते.

आतल्या माणसाचंही सांगते. फोन आल्यावर निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर कायदा नसतो, बदली असते. महिनाभर आधी मुलांच्या शाळेची फी भरलेली, आणि एका सकाळी ‘कंट्रोल जमा’चा, म्हणजे ठाणं काढून नियंत्रण कक्षात बसवण्याचा, आदेश. यावर उपाय म्हणून प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला: ठाणे प्रमुखाला किमान दोन वर्षं, बदल्या पोलीस अधिकाऱ्यांच्याच आस्थापना मंडळाने ठरवायच्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. आपल्या राज्याने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. दोन वर्षांचा कार्यकाळ त्यात आहे, पण सार्वजनिक हित आणि प्रशासकीय निकड म्हणून मुदतपूर्व बदलीची वाटही त्यातच आहे, आणि त्या वाटेवर वर्दळ फार आहे. गावात चांगला अधिकारी आला आणि अवैध वाळू, मटका बंद केल्यावर सहा महिन्यांत गेला, तर निरोप समारंभ करून थांबू नका. माहिती अधिकारात बदलीचा आदेश आणि त्यात लिहिलेलं कारण मागा.

नकार आला, पुढे

पहिली पायरी पोलीस अधीक्षक, आयुक्तालय असेल तर उपायुक्त. कलम १७३(४) प्रमाणे फिर्यादीचा मजकूर लेखी, टपालाने पाठवायचा. स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याचा प्रिंट एकत्र टाचून ठेवा. समक्ष भेटायलाही जा, पण टपाल पाठवल्यानंतर, कारण भेटीची नोंद राहत नाही. त्या पोराच्या बाबतीत आम्ही एक्स-रेचा अहवाल, एमएलसी क्रमांक आणि आधीच्या एनसीची प्रत जोडली. एकाच कागदाखाली ‘किरकोळ’ आणि ‘अस्थिभंग’ हे दोन्ही शब्द आले. अकराव्या दिवशी ठाण्यातून फोन आला, “जबाबाला या.” गुन्हा नोंदला गेला, कलम ११७ सह.

अधीक्षकांकडून काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागता येतो. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, आणि अधीक्षकांकडे आधी गेल्याचा पुरावा नसेल तर अर्ज तिथेच अडतो. त्या स्पीड पोस्टच्या पावतीचं मोल तिथे कळतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गुन्हा नोंदल्यावर उलटा गुन्हा येतो, हे धरूनच चाला. पोरावर ट्रॅक्टरची काच फोडल्याची फिर्याद आली, तीही त्याच्या गुन्ह्यानंतर दोन दिवसांनी. घाबरून गाव सोडू नका. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात. नोटीस हातात मिळाली की ठरल्या वेळी हजर व्हा, हजेरीची पोहोच घ्या. घरातल्या बायका, १५ वर्षांखालची मुलं, साठीपुढचे लोक यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. नोटीस न देता “साहेबांनी बोलावलंय, चल” म्हणून कुणी न्यायला आलं, तर कुठल्या ठाण्यात, कोण नेतंय, किती वाजता, हे घरातल्या माणसाने तिथल्या तिथे कागदावर लिहून ११२ ला कळवायचं. अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे.

ठाण्यात मारहाण झाली, रात्रभर नोंद न करता बसवून ठेवलं, पैसे मागितले, असं काही असेल तर सीसीटीव्हीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालाप्रमाणे ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, अंमलदाराची खोली, सगळीकडे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपलं पाहिजे. प्रत्यक्षात कॅमेरा ‘बंद होता’ असं उत्तर येऊ शकतं. लवकर केलेला लेखी अर्ज असेल तर त्या उत्तराचा जाब पुढे विचारता येतो. लाच मागितली तर १०६४ वर लाचलुचपत विभाग.

अशा गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम न पाळता केलेली अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, हे त्यांच्या कक्षेत येतं. ते शिफारस करतात, शिक्षा स्वतः देत नाहीत, आणि वेळ लागतो. तरीही त्यांच्यापुढे अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून वर्षाच्या आत.

माहिती अधिकाराचा अर्ज

जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. “माझी तक्रार का घेतली नाही?” असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, तो कागद द्यायला बांधील आहे. मी त्या पोराला जो मजकूर लिहून दिला तो असा होता:

“दिनांक अमुक रोजी दुपारी ३ ते रात्री ९ या वेळेतील, माझ्या तक्रारीशी संबंधित स्टेशन डायरी नोंदींची प्रमाणित प्रत. माझ्या अर्जाचा आवक क्रमांक, तो कोणाकडे कोणत्या तारखेला दिला त्याची नोंद, व त्यावरील सर्व शेरे यांची प्रत.”

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तपासाला बाधा येते म्हणून नाकारतील, तेव्हा अपिलात लिहायचं की बाधा कशी येते ते सांगा, नुसतं कलम उद्धृत करू नका.

त्याला उत्तर २८ व्या दिवशी आलं. चार पानं. त्यातल्या एका नोंदीत, तो पहिल्यांदा ठाण्यात गेला त्या संध्याकाळी, १९.१० वाजता, अंमलदाराने लिहिलं होतं: ‘सदर इसम हाताला सूज असलेल्या स्थितीत हजर. वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांचे तोंडी सूचनेप्रमाणे अदखलपात्र नोंद घेतली.’ नाव नव्हतं, पण ‘तोंडी सूचनेप्रमाणे’ हे दोन शब्द होते. ते पान आता दोषारोपपत्रासोबत वकिलांच्या फाइलमध्ये आहे.